नव्या घराचे काम आणि घरच्या माणसांची नजर

आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांपैकी पुष्कळांनी गेल्या काही वर्षांत जुन्या पडक्या घराच्या जागी नवे पक्के घर बांधण्यास हात घातला आहे, व कित्येक तसे करण्याच्या विचारात आहेत. हे काम बहुधा जन्मात एकदाच करावयाचे असते, आणि ज्याने ते पूर्वी कधी केलेले नाही त्यालाच ते करावे लागते. शेतात एका वर्षी पेरणी साधली नाही तर पुढल्या मृगात ती सुधारता येते. परंतु पाया बिघडला तर तो घराखाली गाडलेलाच राहतो. ह्यास्तव ह्या धड्यात आम्ही एका घराचे काम आरंभापासून कसकसे वाढत गेले ते सांगणार आहोत. त्यात शिकण्याजोगे जे असेल ते वाचकांनी आपल्या घरास लावून पाहावे, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस प्रचारकांनी हे वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. घराच्या कामात आजचे काम कालच्या कामास झाकीत जाते. पायास जोते झाकते, सळईस काँक्रीट झाकते, विटेस गिलावा झाकतो आणि गिलाव्यास रंग. म्हणून जे पाहावयाचे ते झाकले जाण्यापूर्वी पाहिले पाहिजे, व पाहणारा घरचा असला पाहिजे. कारण त्या छपराखाली निजावयाचे आहे ते त्याला. गवंडी प्रामाणिक असला तरीही पाहावे. प्रामाणिक गवंड्यास कोणी पाहत उभे राहिल्याचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

ज्या घराविषयी आम्ही लिहीत आहो ते बीड जिल्ह्यात गोदावरीच्या अंगाला, काळ्या रानातल्या एका गावी आहे. त्या गावी आमचे दर पंधरवड्यास जाणे होते. कुटुंब पाच माणसांचे: नवराबायको, नवऱ्याची म्हातारी आई, आठवीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. नवराबायको ऊसतोडीस जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर निघावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतावयाचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. जुने घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि दाराच्या जागी फळ्या ठोकून केलेले एक झापड. मुलगी लहान होती तोवर तीही फडावर जात असे. आता ती मोठी झाली. फडावर नेली तर शाळा बुडते. मागे ठेवली तर अशा घरात ठेवणार कशी? अशा पेचात सापडलेले आईबाप मुलीचे लग्न वेळेपूर्वीच उरकून टाकतात, हे त्या मुलखात राहणाऱ्या कोणासही सांगावयास नको. घरकुल मंजूर झाल्याचे कळले तेव्हा त्या बाईने आम्हांस एवढेच म्हटले, “पाळकसाहेब, पोरगी मागं ठेवायची तर दाराला आतून कडी पाहिजे.” म्हणजे घर दसऱ्याच्या आत राहण्याजोगे झाले पाहिजे होते.

पैशाचे गणित असे होते. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागासाठी सुरू झाली, तेव्हा सपाटीवरील घरास १,२०,००० व डोंगराळ किंवा दुर्गम मुलखातील घरास १,३०,००० रुपये ठरविण्यात आले. शौचालयासाठी १२,००० निराळे. घर स्वयंपाकाच्या जागेसह निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट असावे, ते बहुतेक पत्नीच्या अथवा दोघांच्या नावे व्हावे, आणि बांधावयाचे ते घरच्यांनीच, सरकारने ठेकेदार लावावयाचा नाही, असे नियम झाले. पैसे एकदम हाती येत नाहीत. काम अमुक पायरीस पोहोचले की त्या जागी उभे राहून छायाचित्र घेतात, त्यात ठिकाणाची नोंद उमटते, आणि मग पुढचा हप्ता बँकेच्या खात्यात जमा होतो. ही व्यवस्था चांगली आहे. ती नव्हती तेव्हा कागदावर बांधली गेलेली घरे पुष्कळांनी पाहिली आहेत. तथापि छायाचित्रात जोते दिसते. जोत्याखाली किती खोल खणले ते दिसत नाही. तेथे घरच्यांचीच नजर हवी.

एवढ्या रकमेत घर पुरे होत नाही, हे उघड आहे. घरची मजुरी व साठवलेले काही घालून दोन खोल्या कशाबशा होतील असा अंदाज निघाला. इतक्यात पाहुणे आले. पाहुणे म्हणाले, बांधताच आहात तर तीन खोल्या बांधा, खांब वर काढून ठेवा, पुढे माडी चढविता येईल. मुकादमाकडून उचल थोडी जास्त घेतली की झाले. नवऱ्याच्या मनाने घेतले होते. बायको म्हणाली, “दोनच बांधू. तिसरीपायी आणखी दोन हंगाम कोयता उचलावा लागंल.” बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अजमास घ्यावा, हा शुभवर्तमानातला दाखला आमच्या वाचकांस पाठ असतो, पण तो मंदिरात पाठ म्हणणे निराळे आणि पाहुण्यांसमोर पाळणे निराळे. दोन खोल्या ठरल्या. मुलीने एक शंभर पानी वही केली. रोज आलेला माल, लागलेले मजूर, दिलेले पैसे आणि झालेले काम ती संध्याकाळी तीत लिहू लागली. ह्या वहीचा उपयोग पुढे वारंवार झाला. वाळूच्या किती खेपा आल्या ह्यावरून वाद निघाला तेव्हा मालवाल्याने वही पाहिली आणि मुकाट्याने एक खेप आपल्या हिशेबातून वजा केली.

आता पायाविषयी जरा विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण काळ्या रानात घरे बिघडतात ती येथे.

काळ्या मातीत एक बारीक खनिज असते; त्यास माँटमोरिलोनाइट म्हणतात. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा, ज्यांत काठी घातली तर हातभर आत जाते, त्या ह्यामुळेच. प्रचारकांनी हा धडा शिकविताना एक साधा प्रयोग करून दाखवावा. काचेच्या उभ्या बरणीत वाळवून कुटलेली काळी माती चतुर्थांशापर्यंत भरावी, बाहेरून रेघ ओढावी, वर पाणी ओतून ढवळावे व दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवावे. माती खाली बसल्यावरही रेघेच्या बरीच वर राहते. दुसऱ्या बरणीत मुरमाचा चुरा घालून तसेच करावे. तो रेघेपाशीच राहतो. जी माती बरणीत चढते ती घराखालीही चढते. तिचा जोर सर्व बाजूंनी सारखा असता तर एक वेळ निभावले असते; परंतु मोरीच्या बाजूस ती वर्षभर ओली, तर उन्हाच्या बाजूस कोरडी. एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. गिलावा कितीदाही केला तरी ती पुन्हा उघडते, कारण रोग भिंतीत नसून खाली असतो.

ह्यावर उपाय म्हणजे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जाणे. तीन फूट खणून झाल्यावर गवंडी म्हणाला, “वहिनी, झालं. आता भरून घेऊ.” ती चरात उतरली. तिने पहार घेऊन तळास मारली, ती निम्मी आत गेली व वर आली तेव्हा टोकास काळी चिकट माती. ती म्हणाली, “मिस्त्री दादा, हा मुरूम नाही.” गवंडी हसला, पण मजुरांस पुन्हा खाली उतरविले. पाच फुटांवर तीन कोपऱ्यांत पिवळसर कठीण मुरूम लागला. चौथ्या कोपऱ्यात पहार आतच जाई. तेव्हा म्हातारीस आठवण झाली की तिच्या सासऱ्याच्या काळी तेथे धान्याचे पेव होते व ते राखमातीने बुजविले होते. तो कोपरा आणखी अडीच फूट उकरून, भुसभुशीत भर सगळी काढून, दगड व खडी-सिमेंटाने भरावा लागला. दोन दिवसांची जास्त मजुरी आणि नऊ पोती सिमेंट गेले. त्यापायी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. म्हातारीस शेळ्यांचे फार वाईट वाटले. पण ज्या कोपऱ्यावर घराचा चौथा भार येणार, त्याखाली पोकळ जागा आहे हे कळण्याचा दिवस तो एकच होता. जुन्या गावठाणात बांधणाऱ्यांनी म्हाताऱ्यांस विचारून घ्यावे, की येथे पूर्वी काय होते; विहीर, पेव, उकिरडा, खत-खड्डा ह्यांची खूण जमिनीवर राहत नाही, त्यांच्या डोक्यात राहते.

काही ठिकाणी काळी माती इतकी खोल असते की मुरूम हाती लागत नाही. तेथे टोकाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवून त्यांवर घर उभारण्याची रीत आहे. ती रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झाली. तसा प्रसंग आला तर गवंड्यावर न सोडता अभियंत्यास विचारावे.

चर भरतानाही एक फसगत होते. खणून काढलेली काळी माती जवळच ढिगाने पडलेली असते, आणि तीच जोत्यात भरून टाकण्याचा मोह होतो, कारण मुरमाच्या खेपेस पैसे पडतात. ती भरली तर घराखाली फुगणारी उशी ठेविल्यासारखे होते. जोत्यात मुरूमच भरावा, वीतभर थर टाकावा, पाणी मारून धुम्मसाने चोपावा, मग दुसरा थर. घराभोवती चार-पाच हात रुंद फरसबंदी किंवा मुरमाची उतरती पट्टी करावी म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरत नाही. आणि मोरीचे पाणी नळीने दूर न्यावे. भिंतीलगत झाड लावू नये. सावली गोड असली तरी मुळे पायाखालची ओल ओढतात.

जोत्यावर चार सळयांचा काँक्रीटचा सलग पट्टा घालण्यात आला. तसाच पट्टा दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा, घालावयाचा असतो. “नुसत्या दारावर लिंटल टाकला तर काय बिघडतं? सगळीकडं सळई कशाला?” असे नवऱ्याने विचारले. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस किल्लारीची हकीकत सांगावी लागली. ती येथेही सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर ह्या बाजूस भूकंप झाला. त्या मुलखाची गणना तोवर भूकंपाचे भय सर्वांत कमी असलेल्या भागात होत असे. धक्का जगातील फार मोठ्या धक्क्यांपैकी नव्हता. रिश्टर मापाने सहाच्या थोडा वर. तरीही आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि कित्येक ती संख्या ह्याहून बरीच अधिक धरतात. त्यांतील बहुतेक आपापल्या घरांत झोपली होती व घरांखालीच दबली. ती घरे दिसावयास भक्कम होती: दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया व त्यांवर मातीचे जाड माळवद. परंतु भिंत दिसे एक, असत दोन. आतला एक पडदा, बाहेरचा एक पडदा, मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर; दोहोंस बांधणारे आरपार लांब दगड फार थोडे, आणि चार भिंतींस कोपऱ्यांत एकमेकींशी जखडणारे काहीच नाही. हादरा बसताच पडदे सुटले आणि मातीचा तो भार वरून खाली आला. जेथे माळवद लाकडी खांबांच्या खणांवर पेललेले होते तेथे कित्येक घरांत भिंती पडल्या तरी छत उभे राहिले.

जाडी म्हणजे बळ, असे आमच्या लोकांस वाटत आले आहे. बळ बांधणीत असते. भिंतींवरून फिरणारा पट्टा हा पेटीस ठोकलेल्या लोखंडी पट्टीसारखा चारही बाजूंस एकत्र धरून ठेवतो. किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि त्याखेरीज शेकडो गावांत लोकांनी हप्त्यांनी मिळालेल्या पैशांतून आपली घरे आपणच दुरुस्त केली. त्या कामी महिला मंडळांतील बायांस ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले होते. घरमालक काय करीत आहे, गवंडी काय टाकीत आहे, पुढचा हप्ता कोणत्या कामास आहे, हे त्या समजून घेत व समजावून देत. बायांस बांधकामातले काय कळते, असे म्हणणारांस आम्ही हे उदाहरण देतो. २००२ सालच्या भूकंपाच्या नकाशात तो मुलूख वरच्या वर्गात घातला गेला. आमच्या गावच्या घरास पट्टा पडला.

भिंतींविषयी फार लिहीत नाही, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. वीट वीटेवर आपटली तर खणखणीत वाजावी, कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकली तर फुटू नये, लावण्यापूर्वी पाण्यात भिजवावी, दर दोन-तीन थरांस ओळंबा लावून पाहावा. वाळू पाहण्याची एक रीत मात्र सांगतो: बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी व चिमूटभर मीठ घालून हलवावी व काही तास ठेवावी. वर जो गाळाचा थर बसतो तो वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जास्त जाड असेल तर ती वाळू धुतल्यावाचून घेऊ नये. धाकट्या मुलास हा खेळ इतका आवडला की त्याने शेजाऱ्यांच्या वाळूचीही परीक्षा घेतली, आणि ती नापास ठरल्यामुळे दोन घरांत काही दिवस बोलाचाली झाली.

लिंटलपर्यंत भिंती आल्या आणि पैसे संपले. छायाचित्र गेले होते, पण हप्ता येईना. कचेरीत तीन हेलपाटे झाले. आज या, उद्या या. मे महिना सरत आलेला, सळयांची टोके उघडी, आणि आभाळ भरून येऊ लागलेले. अशा वेळी मुकादम स्वतः दारी आला. त्याने पैसे देऊ केले, कागद नको, व्याजाचे पुढे पाहू म्हणाला. आमच्या वाचकांतील ऊसतोड करणारांस हे सांगावयास नको की उचल फिटेपर्यंत माणूस आपल्या मर्जीने घरी राहू शकत नाही. आणि एका हंगामात ती न फिटली तर पुढचा हंगामही त्याच्याकडेच बांधला जातो. घरासाठी काढलेल्या पैशापायी घरीच राहता येऊ नये, असे कित्येकांचे झालेले आम्ही पाहिले आहे. नवराबायकोनी दोन रात्री विचार केला. शेवटी बाईने आपल्या बचत गटातून कर्ज काढले. ते लहान होते, त्याचे व्याज आधीच लिहिलेले होते, आणि मागणारी माणसे गल्लीतलीच होती. त्यात स्लॅबची सळई व सिमेंट आले. हप्ता पुढे सतरा दिवसांनी जमा झाला. त्यातून त्यांनी प्रथम गटाचे पैसे भरले. वहीत त्या दिवसाची ओळ लाल शाईने लिहिलेली आहे.

ह्या खंडात काम बंद नव्हते. भिंतींस व पट्ट्यास पाणी मारणे चालू होते. आणि ह्या पाण्याविषयी लिहिणे आम्हांस सर्वांत अगत्याचे वाटते. सिमेंट वाळून घट्ट होते अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि तो संयोग दिवसेंदिवस चालतो. मध्येच ओल गेली तर तो थांबतो, व मग काँक्रीट वरून कठीण दिसले तरी आत कच्चे राहते. साध्या सिमेंटास निदान सात दिवस, कडक उन्हात व राखमिश्रित सिमेंटास निदान दहा दिवस ओल राखावी, असे भारतीय मानक सांगते. चौदा दिवस राखली तर अधिक बरे. परंतु आमच्याकडे बांधकामाचे दिवस म्हणजे एप्रिल-मे, आणि तेच टँकरचे दिवस. घरात प्यावयास दोन हंडे, दाराशी शेळ्या, आणि तिकडे भिंत पाणी मागते. शहरात राहून नियम लिहिणारांस ही अडचण कदाचित दिसत नसेल.

तिने काय केले ते सांगतो. भिंतींस व पट्ट्यास जुनी गोणपाटे गुंडाळली. गोणपाट एकदा भिजले की भिंत उघडीपेक्षा किती तरी वेळ ओली राहते. पाणी भर दुपारी न मारता सकाळी उन्हापूर्वी व संध्याकाळी मारावयाचे. उन्हाच्या बाजूस वरून प्लास्टिकचा कागद. बोअरचे खारट पाणी मात्र तिने काँक्रीटात घालू दिले नाही, कारण क्षारांनी आतली सळई गंजते. मुलगी शाळेपूर्वी चार घागरी आणी. तिच्या वहीत रोज एक खूण आहे, एकूण चौदा खुणा.

स्लॅबचा दिवस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरला. आदल्या संध्याकाळी घरच्यांनी सळई पाहिली. सळई खालच्या पत्र्यास चिकटलेली नसावी. तिच्याखाली बोटभर जाडीचे सिमेंटचे ठोकळे ठेवावयाचे, म्हणजे काँक्रीट तिला खालूनही झाकते. ठोकळे ठेविले नव्हते. गवंडी म्हणाला, सकाळी खडीचे तुकडे सरकवू. घरच्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात ठोकळे स्वतः लाविले. ते आठवड्यापूर्वीच पाडून, पाण्यात ठेवून तयार केलेले होते. सकाळी गटातल्या बाया घमेल्यांस हात लावावयास आल्या. दुपारी ऊन चढले तसे काँक्रीट ओढावयास जड जाऊ लागले, आणि मिक्सरवाला पाण्याची बादली वाढवू लागला. पातळ काँक्रीट सुखाने पसरते, पण जास्तीचे पाणी उडून गेल्यावर तेथे बारीक भोके राहतात व बळ कमी होते. स्लॅबच्या नेहमीच्या काँक्रीटास पन्नास किलोच्या एका पोत्यामागे तीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, ही पाण्याची मर्यादा. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. धाकटा मुलगा मिक्सरपाशी दगडावर बसून मोठ्याने बादल्या मोजीत होता. तिसरी बादली उचलली की तो ओरडे. मिक्सरवाला चिडला, मग हसू लागला, आणि शेवटी त्यालाच विचारून पाणी घालू लागला.

दुसऱ्या सकाळी स्लॅबवर चिखलाचे बांध घालून वाफे केले व त्यांत दोन बोटे पाणी उभे ठेविले. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि घागरींचे काम हलके झाले. पाचव्या दिवशी सेंट्रिंगवाला आला. त्याला आपले पत्रे व टेकू दुसऱ्या घरी न्यावयाचे होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू निदान सात दिवस व त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढू नयेत, हा नियम आहे. म्हातारीने टेकूंच्या शेजारी ओसरीच्या जागी बाज टाकली व ती तेथेच बसून राहिली. सेंट्रिंगवाल्याने पुष्कळ सांगून पाहिले. दहाव्या दिवशी टेकू निघाले.

त्यानंतर जे पैसे उरले त्यांत गिलावा, फरशी, जिना, कठडा, दारे, शौचालय हे सारे होणे नव्हते. येथे घरात मतभेद झाला. बाहेरून गिलावा व रंग केला तर घर घरासारखे दिसेल, असे नवऱ्याचे म्हणणे. आणि दिसण्याची हौस गरिबाने करू नये असे म्हणणारांपैकी आम्ही नाही. परंतु बायकोने आधी दोन दारे घेतली, दोन्ही जाड फळीची, आतून कडी व अडसर असलेली, आणि शौचालय पुरे केले. कारण अंधारात मुलीने रानात जाऊ नये. कठड्यास पैसे नव्हते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर कोणी पडून त्याचे रक्त घरावर येईल, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. उन्हाळ्यात लोक वर निजतात, मुले पतंगामागे धावतात. आजही ती आज्ञा तितकीच लागू पडते. म्हणून त्यांनी जिनाही बांधला नाही. वर जाण्यास सुटी शिडी आहे, आणि ती काढून आडवी ठेवलेली असते.

फरशी मात्र पैसे असते तरी आम्ही थांबावयास सांगितले असते. जोत्यातला मुरूम कितीही चोपला तरी एक पावसाळा गेल्यावाचून पुरता बसत नाही. घाईने फरशी घातली तर ती पुढे मध्यभागी दबते. सध्या खाली शेणाने सारवलेली भुई आहे.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नवराबायको ट्रॅक्टरमध्ये बसून फडावर गेली. मुलगी, तिचा भाऊ व आजी घरी राहिली. दिवाळीनंतर माती वाळू लागली, तेव्हा पेवाच्या कोपऱ्याजवळ, खिडकीखाली, केसाएवढी एक भेग मुलीस दिसली. तिने आम्हांस दाखविली. अशी भेग दिसली म्हणजे लगेच लिंपून टाकू नये. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढून तारीख घालावी, आणि ती रेघ ओलांडते की काय हे महिन्यामहिन्याने पाहावे. मुलीने तसे केले व वहीत लिहिले. जानेवारीच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो तेव्हा भेग रेघांच्या आतच होती. पुढली तारीख तिने होळीनंतरची घातली आहे, कारण तोवर रान पुरते तडकते.